राणीला थर्ड क्लास जोडला तेव्हा

दख्खनची राणी, म्हणजे डेक्कन क्वीन, १९६६ साली संपली, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. रोज सकाळी पुण्याहून येते आणि संध्याकाळी बोरीबंदरहून परत जाते ती फक्त तिचं नाव लावणारी दुसरी गाडी, असं मी भेटेल त्याला सांगायचो. आणि लालबाग-परळमध्ये रेल्वेवर बोलायला माणूस मिळाला नाही, असं कधी होत नाही. आमच्या चाळीत दर दोन घरांमागे एक घर गिरणीचं, तर एखादं रेल्वेचं. आमचं रेल्वेचं.

ते मत आता माझं राहिलेलं नाही. बदल एका दिवसात झाला नाही. माझ्यासारखी जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं या मुंबईत पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच जण आजही मी म्हणायचो तेच म्हणतात. त्यांच्याशी भांडण नाही. पण ज्या काळाला मी राणीची उतरती वर्षं समजत होतो, त्याच काळात ती आमची गाडी झाली, असं मला आता मनापासून वाटतं. ते का वाटतं, हे नीट मांडायचा हा प्रयत्न.

आधी त्या जुन्या गाडीबद्दल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे आमच्या घरातल्या भाषेत जीआयपीने, १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ही गाडी सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन रेक. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या आणि त्यांच्यावरचे डबे बांधले गेले इथे, दादरच्या पलीकडे, माटुंगा वर्कशॉपमध्ये. गाडीला वर्ग दोनच, फर्स्ट आणि सेकंड. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जाता येईल असे व्हेस्टिब्यूल आणि टेबलावर बसून खाता येईल अशी डायनिंग कार.

आणि पुढे विजेचं इंजिन. आज विजेच्या गाडीचं कोणाला अप्रूप नाही, पण तेव्हाचा हिशेब लक्षात घ्यायला हवा. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बरच्या मार्गावर धावली. पुढच्या पाचेक वर्षांत १५०० व्होल्ट डीसीच्या तारा घाट चढून पुण्याला पोचल्या. त्यांना वीज पुरवायला ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. बोरघाटात खंडाळ्याच्या खाली १८६३ पासून रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग गाडी आली त्याच्या उलट तोंडाने उरलेला घाट चढायची. नवे बोगदे खणून नवा मार्ग काढला आणि १९२९ मध्ये हा सगळा खटाटोप बंद झाला. ३७ फुटांमागे एक फूट अशी ती चढण. कोळशाच्या इंजिनाने तिथे जवळजवळ सत्तर वर्षं घाम गाळला होता. विजेच्या गाडीतल्या साहेबाच्या कोटावर मात्र काजळीचा कणही पडायचा नाही. राणी पहिल्यांदा ओढली ती ४००६ नंबरच्या इंजिनाने. तेच इंजिन पुढे डब्ल्यूसीपी-१ या वर्गाचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो आहे.

या गाडीची चित्रं, वेळापत्रकं, जुन्या रेल्वे मासिकांचे अंक मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून गोळा केले. ते वाचता वाचता डोक्यात एक गोष्ट तयार झाली आणि तिला ठरलेल्या पायऱ्या होत्या. १ जानेवारी १९४९ रोजी राणीचा फर्स्ट क्लास काढला आणि सेकंडलाच फर्स्ट म्हणू लागले, ही पहिली पायरी. जून १९५५ मध्ये गाडीला थर्ड क्लास जोडला, ही दुसरी. १९६६ मध्ये माटुंग्याचे डबे काढून पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे डबे लावले, सातांचे बारा केले, ही तिसरी. त्यानंतरचं मी सांगायचोही नाही. थर्ड क्लासचा १९७४ मध्ये सेकंड क्लास झाला, डबे वाढत सतरापर्यंत गेले, पासवाल्यांची गर्दी झाली. माझ्या दृष्टीने हा सगळा नंतरचा पसारा होता.

माझ्यासारख्या काही जणांच्या मनात एक मागणीही होती. २००४ मध्ये डेक्कन ओडिसी ही आलिशान पर्यटक गाडी सुरू झाली तेव्हापासून ती जोर धरू लागली. सात डब्यांचा चंदेरी रेक पुन्हा बांधावा, निदान शनिवार-रविवारी चालवावा, तिकीट काय हवं ते ठेवावं. या मागणीच्या अर्जाचा मसुदा माझ्या हातचा होता. त्यात मी १९३० ते १९५५ या काळाला राणीचं खरं आयुष्य म्हटलं होतं.

तो मसुदा मी एकदा पुण्याला आत्याला वाचून दाखवला.

आत्या लग्न होऊन पुण्याला गेली, पण नोकरी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत. त्यामुळे तिचं अर्धं आयुष्य डेक्कन क्वीनमध्ये गेलं. सकाळी सव्वासातची गाडी, संध्याकाळी परत तीच. सेकंड क्लासचा पास. तिने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, "तुझ्या त्या चंदेरी डब्यात मला कोणी शिरू दिलं असतं का रे?"

मी म्हटलं, "तिकीट काढलं असतंस तर दिलं असतं."

"कोणत्या पैशांनी?" ती म्हणाली. "आणि दादांना?"

दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी मत बदललं असं म्हणणं खोटं ठरेल. उलट मला तिचा थोडा रागच आला होता. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आजोबा माटुंगा वर्कशॉपमध्ये सुतार होते. १९३० च्या आधी एक-दोन वर्षं ते कामाला लागले, म्हणजे राणीचे डबे बांधले जात होते तेव्हा ते तिथे होते. पोरसवदा हाताखालचे कामगार, पण होते. गाडी सुरू झाल्यानंतरही तिचे डबे ठरावीक मुदतीने पीओएचला, म्हणजे नियमित दुरुस्तीला, वर्कशॉपमध्ये यायचे: चाकं काढायची, आतलं लाकूड उतरवायचं, खिळखिळं झालेलं बदलायचं, पॉलिश करायचं, पुन्हा बसवायचं. आजोबांना त्या डब्यांची आतली बाजू आपल्या खोलीपेक्षा जास्त पाठ होती. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात जोड कसा घेतला होता, हे ते मला बोटांत बोटं अडकवून दाखवायचे. सांधा असा बसला पाहिजे की वरून नख फिरवलं तर अडकता कामा नये, असं सांगायचे, आणि मग आमच्या दाराच्या चौकटीवर नख फिरवून ते अडकलेलं दाखवायचे. लहानपणी मला त्यांचा अभिमान वाटायचा तो यासाठी. राणीवरचं माझं प्रेम तिथूनच आलं, फुटपाथवरच्या मासिकांतून नव्हे.

पण आत्याने विचारल्यावर मी पहिल्यांदाच हिशेब मांडला. वर्कशॉपच्या कामगाराला रेल्वेचा पास मिळायचा तो थर्ड क्लासचा. राणीला थर्ड क्लासच नव्हता. म्हणजे ज्या डब्यातल्या लाकडाचा सांधा न् सांधा त्यांच्या ओळखीचा होता, त्या डब्यात बसून त्यांना कुर्ल्यापर्यंतही जाता आलं नसतं. एक-दोन वर्षं नाही, सलग पंचवीस वर्षं.

१९५५ च्या पावसाळ्यात आजोबा आजीला घेऊन या गाडीने पुण्याला गेले, हे मला घरात कित्येकदा सांगितलं गेलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. पुण्याला कोण जात नाही? आता मी आत्याकडून ते पुन्हा सगळं काढून घेतलं. आजोबांनी पास वापरला नव्हता. खिडकीवर जाऊन पैसे मोजून तिकीट काढलं होतं. आजीने लग्नातलं लुगडं नेसलं होतं. डब्यात बसल्यावर आजोबांनी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा आपल्याकडचा नाही, नवीन दिसतोय." म्हणजे थर्ड क्लासचा डबा त्यांच्या हाताखालून गेलेला नव्हता. मग ते व्हेस्टिब्यूलमधून पुढच्या डब्यांपर्यंत जाऊन आले आणि बराच वेळ परतले नाहीत. आजीला वाटलं, चुकून उतरले की काय. कर्जतला घाट चढताना मागून ढकलणारं बँकर इंजिन लागलं आणि धक्का बसला, तेव्हा कुठे ते जागेवर आले. काय पाहून आले, ते त्यांनी सांगितलं नाही. आत्याही त्यांच्यासोबत होती, पण तेव्हा लहान होती. तिच्या लक्षात राहिलं ते इतकंच की घाट संपेपर्यंत दादा बोलले नाहीत.

ज्या जूनला मी राणीच्या पडझडीची दुसरी पायरी म्हणत होतो, तो हा जून.

यानंतरची गोष्ट नायगावची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग तिथे आहे आणि मी वेगळ्याच कामासाठी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहावरचं वाचत होतो. गिरगावच्या काँग्रेस हाऊसमधून तेव्हा जे चालत होतं, त्यावर मला काही लिहायचं होतं. वाचता वाचता वडाळ्याच्या मिठागरांपाशी आलो. मे महिन्याच्या मध्यापासून तिथे सत्याग्रहींच्या तुकड्या जात होत्या आणि पकडल्या जात होत्या. सगळ्यांत मोठा धावा झाला तो एका रविवारी. स्वयंसेवक आणि साधे लोक मिळून सुमारे १५ हजार जमले. पोर्ट ट्रस्टच्या लेव्हल क्रॉसिंगजवळ पोलिसांनी कडं केलं होतं. पुरुष, बायका, पोरं ते कडं तोडून चिखल तुडवत मिठागरात घुसली आणि मीठ घेऊन आली. लाठ्या चालल्या, दीडशेच्या आसपास लोक जखमी झाले.

तारीख होती १ जून १९३०.

ती तारीख मी इतक्या वेळा लिहिली होती की आधी वाटलं, आपणच चुकून आपली तारीख तिथे वाचतोय. मी पान पुन्हा वाचलं, दुसरं पुस्तक काढून ताडून पाहिलं. तोच दिवस. वडाळ्याहून माटुंगा वर्कशॉप चालत अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. ज्या रविवारी राणी पहिल्यांदा धावली, त्याच रविवारी, तिचे डबे बांधले त्या वर्कशॉपपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माणसं चिमूटभर मिठासाठी चिखलात उतरून लाठ्या खात होती. परळ, नायगाव, दादरची माणसं. म्हणजे माझी.

मग मी त्या वर्षाचं बाकीचंही वाचलं, जे मला ठाऊक होतं पण मी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. ४ फेब्रुवारी १९३० ला जीआयपीच्या कामगारांचा संप सुरू झाला होता, फार मोठा संप. तो मोडून पडला आणि हजारोंचं रोजीरोटीचं नुकसान झालं. त्यानंतर चार महिन्यांच्या आत राणी सुरू झाली. आजोबांनी या संपाबद्दल घरात कधी तोंड उघडलं नाही, पण वर्कशॉपमधला कोणताही माणूस त्यातून कोरडा राहिला नसणार. मे महिन्यात, त्याच जीआयपीच्या मार्गावर पुण्याच्या पुढे, सोलापुरात मार्शल लॉ लागला होता आणि राणी धावायला लागली तेव्हाही तो उठलेला नव्हता. पावसाळ्यात पुण्याला रेसचा हंगाम असतो आणि राणीचे सुरुवातीचे प्रवासी कोण होते हे सांगायला त्या काळच्या जाहिराती पुरेशा आहेत.

हे वाचून मला राणीचा राग आला नाही. तो यावा असं मी म्हणतही नाही. ती गाडी सुंदर होती आणि तिचं सौंदर्य जीआयपीच्या डायरेक्टरांचं नव्हतं. ते माटुंग्याच्या सुतारांचं, रंगाऱ्यांचं, फिटरांचं होतं. बदललं ते वेगळंच. आजवर मी या गाडीकडे नेहमी आतून बाहेर बघत आलो होतो. चंदेरी डब्याच्या खिडकीत बसून परळच्या गिरण्या, करी रोडचा पूल, दादरचा फलाट बघणारा प्रवासी मी मनात धरला होता. माझं घर त्या पुलाच्या बाजूला आहे. माझ्या घरातलं कोणीही त्या खिडकीत बसलेलं नव्हतं. ज्या वर्षांना मी राणीचं खरं आयुष्य म्हणत होतो, त्या वर्षांत आम्ही तिला फक्त जाताना पाहिली होती.

मग १९४९, १९५५ आणि १९६६ या माझ्या तीन पायऱ्या मी पुन्हा तपासल्या.

स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाच्या आत फर्स्ट क्लास गेला. थर्ड क्लासला मात्र त्यानंतर आणखी साडेसहा वर्षं लागली. मधे ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपीचं नाव जाऊन मध्य रेल्वे आली. म्हणजे राज्य बदललं, कंपनी बदलली, तरी सामान्य माणसाला या गाडीचं दार उघडायला आणखी बराच काळ गेला. हे आपोआप झालेलं नाही. कुठल्या तरी टेबलावर कोणीतरी ठरवलं की या गाडीला थर्ड क्लास लागेल. कागदावर तो साधा निर्णय असेल. माझ्या घरात त्याची आठवण लग्नातल्या लुगड्यासह राहिली आहे.

आणि १९६६? त्या बदलाला मी सर्वांत जास्त नावं ठेवली. पेरांबूरचे डबे म्हणजे साच्यातून काढलेले, त्यात कसब नाही, असं म्हणायचो. आता त्याच्या तांत्रिक बाजूकडे बघतो. ते डबे पोलादी आणि अँटी-टेलिस्कोपिक होते, म्हणजे टक्कर झाली तर एक डबा दुसऱ्यात घुसणार नाही अशा बांधणीचे. बोगीची रचना सुधारलेली. ज्या गाडीला ३७ ला १ ची उतरण रोज उतरायची आहे, तिच्या बाबतीत ही काही बारकी गोष्ट नाही. सातांचे बारा डबे झाले, म्हणजे पाच डबे भरून जास्त माणसं. माझी आत्या पुढे त्यांतच बसली. सेकंड क्लासच्या बाकावर तिने खात्याच्या परीक्षांचा अभ्यास केला, दोन बढत्या मिळवल्या. पगाराच्या दिवशी संध्याकाळी डायनिंग कारमध्ये जाऊन चीज टोस्ट खायचा, हा तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा शिरस्ता. टेबलावर पांढरा कपडा, स्टीलचे काटे-चमचे आणि शेजारच्या टेबलावर हायकोर्टातले वकील. पास सेकंडचा असला तरी टेबल तेच. मी ज्याला पसारा म्हटलं होतं, तो हा.

एक दाखला मी पूर्वी नेहमी द्यायचो, इंग्लंडच्या ब्रायटन बेलचा. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटनला जाणारी ही विजेवरची पुलमन गाडी राणीपेक्षा धाकटी. १९३३ च्या पहिल्या दिवशी विजेवर धावू लागली आणि ब्रायटन बेल हे नाव तिला १९३४ मध्ये मिळालं. न्याहारीतले किपर मासे काढले म्हणून नट लॉरेन्स ऑलिव्हिएने तक्रार केली, तीच ही गाडी. मी म्हणायचो, बघा, इंग्रजांनी तिला बदलू दिलं नाही. होती तशी ठेवली आणि होती तशीच ३० एप्रिल १९७२ रोजी मानाने निरोप दिला. आपण मात्र राणीला ओढत बसलो.

आता तोच दाखला मला उलटा दिसतो. ब्रायटन बेलचे डबे १९३२ मध्ये बांधलेले. तेच चाळीस वर्षं चालवले. ते थकले तेव्हा त्यांच्या जागी नवे बांधायचं कोणी मनावर घेतलं नाही आणि डब्यांबरोबर गाडीही गेली. डबे विकले गेले, काही हॉटेलांच्या आणि पबांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. राणीचे डबे १९६६ मध्ये गेले आणि गाडी दुसऱ्या दिवशीही वेळेवर सुटली. ती आजही सुटते. पंचाण्णव वर्षांच्या वरच्या आयुष्यात तिने जीआयपी पाहिली, मध्य रेल्वे पाहिली, डीसीच्या तारा पाहिल्या आणि २०१५ च्या जूनमध्ये बोरीबंदरपर्यंत एसी वीजपुरवठा झाल्यावर त्या जाताना पाहिल्या. तिला जिवंत ठेवलं ते डब्यांच्या रंगाने नव्हे. रोज तिची गरज असलेल्या माणसांनी ठेवलं, आणि ती माणसं तिला मिळाली १९५५ नंतर.

काही गमावलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. माटुंग्यात गाडीचा आख्खा डबा लाकडापासून पॉलिशपर्यंत बांधण्याचं जे कसब होतं, ते गेलं. आजोबांनंतर आमच्या घरात नख फिरवून सांधा तपासणारा कोणी राहिला नाही. याचं दुःख मला आहे आणि राहील. फक्त ते दुःख मी थर्ड क्लासच्या माथी मारायचं सोडलं.

२०२२ च्या जूनमध्ये राणीचा पेरांबूरचा रेकही बदलणार हे जाहीर झालं, तेव्हा माझं हे नवं मत पहिल्यांदा कसाला लागलं. तो रेक जाण्याआधी आत्याच्या नातीला घेऊन मी त्या जुन्या डायनिंग कारमध्ये एकदा मुद्दाम गेलो. बत्तीस माणसांची जागा, खाली गालिचा, गादीच्या खुर्च्या. गाडी घाटात होती. वाढपी ट्रे एका हातावर घेऊन आला, मांडी टेबलाच्या कडेला टेकवून स्थिर उभा राहिला आणि डबा वळणावर कलला असताना त्याने दोन कपांत चहा ओतला, बशीत एक थेंब न सांडता. टोस्ट तिरके कापलेले, चीज कडेने जरा करपलेलं. समोरच्या टेबलावर दोन कॉलेजातली मुलं एक ऑम्लेट अर्धं अर्धं खात होती. त्यांच्याकडे सेकंड क्लासचं तिकीट असणार, कारण चेकर आल्यावर एकाने दुसऱ्याला सांगितलं की आपली बॅग मागे डी-फोरमध्येच आहे. चेकर काही बोलला नाही. तो त्यांचा हक्क होता.

पूर्वीचा मी असतो तर त्या रेकच्या जाण्यावर लांबलचक शोकलेख लिहिला असता. २२ जून २०२२ पासून एलएचबी डबे लागले. मूळ जर्मन रचनेचे, अपघातात एकमेकांवर न चढणारे. बाहेरचा रंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ठरवलेला. सोळा डबे: एसी चेअर कार चार, व्हिस्टाडोम एक, सेकंड क्लास चेअर कार आठ, डायनिंग कार एक, आणि गार्डाचा व जनरेटरचा असे दोन डबे. डायनिंग कारमध्ये जागा बत्तीसच्या चाळीस झाल्या. ही बातमी वाचताना माझं बोट रंगाच्या वर्णनावर थांबलं नाही. मी सेकंड क्लासचे डबे मोजले. आठ. आधी नऊ होते.

एक डबा कमी झाल्याने आभाळ कोसळत नाही, हे मलाही समजतं. पण १० फेब्रुवारी २०२३ पासून याच मार्गावरून मुंबई-सोलापूर वंदे भारत जाते. दादर, कल्याण, पुणे घेत जाते, चांगली गाडी आहे, झपाट्याने पोचवते. तिच्यात सेकंड क्लास नाही. एकही डबा नाही. १९३० मध्ये जो नियम होता, पैसे असतील त्याने बसावं आणि बाकीच्यांनी पुलावरून बघावं, तो नवीन गाडीबरोबर काहीही गाजावाजा न होता परत आला आहे. फरक इतकाच की आता त्या नियमाचं कोणाला काही वाटत नाही. मला वाटतं. ज्या घरातल्या माणसाने पंचवीस वर्षं थांबून जूनमध्ये तिकीट काढलं, त्या घरात मी वाढलो आहे.

म्हणून चंदेरी रेक पुन्हा बांधण्याच्या अर्जावरचं माझं नाव मी काढून घेतलं. सोबतचे काही जण दुखावले. एकाने तर बोलणं बंद केलं आहे. दुसरा अर्ज मी नव्याने लिहिला आहे, छोटा, एका पानाचा. त्यात मागण्या तीन. डेक्कन क्वीनच्या सेकंड क्लास चेअर कारची संख्या यापुढे आठाच्या खाली जाऊ नये. डायनिंग कार कधीही फक्त एसीच्या प्रवाशांसाठी राखून ठेवू नये. आणि माटुंगा वर्कशॉपमध्ये, १९३० चे दोन रेक जिथे बांधले गेले तिथे, कामगारांच्या नावे एक पाटी लागावी. या अर्जावर सही करायला सर्वांत आधी आत्याने पेन मागून घेतलं. बाकीच्या सह्यांसाठी पुढच्या महिन्यापासून सकाळी राणी दादरला येते त्या वेळी मी फलाटावर उभा राहणार आहे, सेकंड क्लासचे डबे लागतात त्या टोकाला.